बसप्पा मास्तरांचे अकरा जण

आमच्या टीममधले दोघं कुठंही भेटले, लग्नात म्हणा, दवाखान्यात म्हणा, की पहिली पाच मिनिटं गुडघेदुखीची आणि पुढचे दोन तास बसप्पा मास्तरांचे. गंमत अशी, की दर भेटीत एखादा नवाच किस्सा निघतो. मागच्या भेटीत हुसेननं सांगितलेला किस्सा मी जन्मात ऐकला नव्हता, आणि त्यात मी होतो! म्हणून जे माझ्या डोळ्यांदेखत घडलं तेवढंच आता सांगून टाकतो. बाकीचं हुसेनला विचारा.

* * *

सोलापुरात आमच्या हायस्कूलची फुटबॉल टीम म्हणजे गावाची करमणूक होती. आमची मॅच असली की समोरच्या शाळेची पोरं अर्धा दिवस सुट्टी मागायची, हसायला!

तीस साली इंग्रजांनी सोलापुरात लावलेला मार्शल लॉ उठून वर्षभर झालं असेल. शाळेत नवे ड्रिल मास्तर आले. बसप्पा मास्तर, अक्कलकोटकडचे. उंच, सावळे, घरी कानडी, शाळेत मराठी आणि राग आला की दोन्ही.

हेडमास्तरांनी त्यांना पहिल्याच दिवशी बजावलं, "ड्रिल घ्या, लेझीम घ्या. फुटबॉल आपण बंद करतोय. शाळेची अब्रू जाते."

मास्तर म्हणाले, "गेलेली परत आणायला एक वर्ष द्या की, साहेब."

संध्याकाळी त्यांनी आम्हाला मैदानावर उभं केलं. "मागची मॅच कितीनं हरलात?"

"नऊ-शून्य, सर."

"दहावा का नाही झाला?"

गोलकीपर हुसेननं भीत भीत हात वर केला. "अडवला मैंने, मास्तर. अकेलाच था मैं, क्या करतूं?"

मास्तरांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "ठीक. टीममध्ये एक जण आहे. बाकीच्या दहांची निवड उद्या."

* * *

हेडमास्तरांनी 'नाही' म्हटलं नाही. त्यांनी फक्त शाळेचा एकुलता एक फुटबॉल आपल्या ऑफिसातल्या कपाटात ठेवला आणि कुलूप घातलं. मागायला गेलं की म्हणायचे, "बघू."

मास्तर दोनदा गेले. तिसऱ्यांदा गेले नाहीत. आम्हाला म्हणाले, "चला, प्रॅक्टिस."

"सर, बॉल?"

"बॉल बॉल काय करता? जागा माहीत आहेत का तुम्हाला तुमच्या?"

पंधरा दिवस आम्ही बॉलशिवाय फुटबॉल खेळलो! पळायचं, वळायचं, पास द्यायचा, घ्यायचा, सगळं हवेत. हुसेन तर आडवा पडून कोपरं सोलून घ्यायचा. मुरमाड मैदान, पडलं की कातडं जायचंच. गिरणीची पाळी सुटली की कामगार रस्त्यावर थांबून बघत बसायचे आणि आपसात भांडायचे, ऑफसाइड होता की नव्हता!

एके दिवशी शाळेचे इन्स्पेक्टर आले. हेडमास्तर त्यांना व्हरांड्यातून मैदान दाखवत होते. इन्स्पेक्टरांनी चष्मा पुसला, पुन्हा लावला.

"ही मुलं काय करतायत?"

मास्तर धावत जवळ गेले, सलाम ठोकला. "फुटबॉल, साहेब."

"बॉल कुठं आहे?"

"हेडमास्तर साहेबांच्या कपाटात!"

दुसऱ्या दिवशी सकाळी शिपाई बॉल घेऊन आला. पुसून, हवा भरून.

* * *

आमच्यात सगळ्यात जोरात पळायचा नरसय्या. घरी हातमाग, खड्ड्यात बसून चालवायचा. शाळा सुटली की त्याचा बाप राजय्या त्याला मागावर बसवायचा, मग प्रॅक्टिसला कसा येणार?

मास्तर आम्हा चौघांना घेऊन विणकरांच्या पूर्व भागात त्याच्या घरी गेले. राजय्याला मराठी जेमतेम आणि मास्तरांना तेलुगू बिलकुल नाही. तरी भांडण झकास जमलं.

राजय्या म्हणाला, "पाय त्याचा मागाला पायजे. बॉलला नाय."

"मग त्याच्या जागी मी बसतो. रोज एक तास."

राजय्या आधी हसला. मग म्हणाला, "बसा!"

मास्तर सहा फुटी माणूस. खड्ड्यात उतरले तर गुडघे हनुवटीला! एक पाय मागाच्या खालच्या पावडीवर, दुसरा कुठं ठेवायचा कळेना. त्यांनी आडवा धागा नेणारा धोटा फेकला तो सरळ भिंतीवर. दुसऱ्यांदा जोर लावला आणि ताण्याचे धागे तटातट तुटले. आतून नरसय्याची आई ओरडत बाहेर आली. मास्तर घामानं निथळत होते, पण उठायला तयार नाहीत. "तास अजून पुरा व्हायचाय," म्हणाले.

तुटलेले धागे जोडायला संध्याकाळ गेली. नरसय्या गाठी मारत होता, आम्ही टोकं धरून उभे. राजय्या शेवटी मास्तरांचा हात धरून त्यांना दारापर्यंत घेऊन आला.

"पोराला न्या, मास्तर. रोज न्या. पण तुमी नका येऊ!"

* * *

पहिली मॅच जिंकलो त्याचा किस्सा अगदी छोटा आहे.

एक-शून्य. गोल नरसय्याचा. दुसऱ्या दिवशी प्रार्थनेनंतर हेडमास्तर उभे राहिले, चिठ्ठी बघितली आणि गंभीर आवाजात म्हणाले, "काल आपली टीम एक-शून्यनं हरली. तरी मागच्या मानानं सुधारणा आहे."

सगळी शाळा ओरडली, "जिंकली, सर! जिंकली!"

हेडमास्तर गोंधळले. मागं रांगेत मास्तर उभे होते. ते म्हणाले, "असू द्या, साहेब. सवय मोडायला वेळ लागतो."

* * *

आमचा राइट विंग संभा. पाय असे, की बॉल त्याच्याजवळ आला की सोडायचं नाव घेत नसे. संभा वेशीबाहेरच्या वस्तीतला. एवढं सांगितलं की त्या काळी पुढचं कुणी विचारत नसे.

एका तालुक्याच्या गावी मॅच होती. हाफ टाइमला त्यांच्याकडचा एक माणूस पाण्याची घागर घेऊन आला. आम्हाला एकेक पेला दिला. संभापुढे आला तसा पेला बाजूला ठेवला आणि म्हणाला, "ओंजळ कर." वरून, हातभर अंतरावरून धार धरली.

आम्ही बघत होतो. रोज बघायचो तेच. खरं सांगायचं तर आमच्यातल्या कुणाला त्यात काही विशेष वाटलं नव्हतं. मलाही नाही.

मास्तरांनी आपला भरलेला पेला जमिनीवर ओतला. "आमच्या सगळ्यांना तसंच वाढ."

"आँ?"

"आमची टीम असंच पिते. ओंजळीनं. वाढ."

आणि स्वतः संभाच्या शेजारी उकिडवे बसले. मास्तरांच्या गळ्यात लिंग, घरी पाण्याचं सोवळं कडक. त्यांनी ओंजळ पुढे केली. मग हुसेन बसला, नरसय्या बसला, मी बसलो. आम्ही बारा जण, ऊन हे असं! प्रत्येकानं तीन-तीनदा मागितलं. हातभर उंचीवरून घागर धरून धरून त्या माणसाचे दंड थरथरायला लागले. सदरा भिजला.

"अजून?"

"अजून," मास्तर म्हणाले.

त्यानं घागर दाणकन मधोमध ठेवली. "घ्या हो तुमचं तुम्ही!" आणि तरातरा निघून गेला.

मास्तर म्हणाले, "संभा, आता तू वाढ."

संभानं पेला उचलला. तिकडे रेफरीनं शिट्टी मारली. संभाचं वाढून होईपर्यंत एकही जण उठला नाही.

* * *

मार्शल लॉ गेला होता, पण पांढरी गांधी टोपी दिसली की पोलिसांच्या डोक्यात अजून तिडीक जायची. आमच्या मैदानावर येणाऱ्या निम्म्या पोरांच्या डोक्यावर पांढऱ्या टोप्या. एक दिवस फौजदार सायकलवरून उतरले.

"मास्तर, हे काय चाललंय? टोप्या काढायला लावा!"

मास्तरांनी शिट्टी मारली. "टोप्या काढा!"

सगळ्यांनी काढल्या. फौजदारांना बरं वाटलं.

"आता मैदानाच्या कडेला एका ओळीत मांडा! शाळेकडून रेषा आखायला फक्की मिळत नाही. आजपासून ही रेषा."

आम्ही तीस-पस्तीस टोप्या ओळीनं मांडल्या. काळ्या मुरमावर लांबून झळकायला लागल्या. फौजदार लाल झाले. "हा काय चावटपणा?"

"डोक्यावरून काढा म्हणालात, काढल्या. खाली ठेवायला मनाई असेल तर तसं लिहून द्या, साहेब. आणि जरा मागं सरा, रेषेच्या आत आलात. खेळ चाललाय."

फौजदार खरंच एक पाऊल मागं सरले!

गावात ही गोष्ट पसरली. दुसऱ्या दिवशी ज्यांना बॉलला पाय लावता येत नव्हता तेसुद्धा टोपी घेऊन हजर. चौथ्या दिवशी पेनल्टी बॉक्ससुद्धा आखून झाला!

* * *

टोप्यांची तक्रार वरपर्यंत गेली. त्या वर्षी आम्ही जिल्ह्यातल्या शाळांच्या फायनलला पोचलो होतो. हेडमास्तरांनी मास्तरांना लेखी कळवलं, फायनलच्या दिवशी मैदानावर पाय ठेवायचा नाही. टीम ते स्वतः नेणार.

मॅचच्या आधी हेडमास्तर संभाजवळ आले. आवाज अगदी मऊ. "संभा, तू आज खेळू नकोस. मॅचनंतर गिरणीच्या शेठजींच्या बंगल्यावर सगळ्यांना चहा आहे. बक्षीस तेच देणार. तुलाच अवघडल्यासारखं होईल."

संभा म्हणाला, "व्हय, साहेब."

जर्सी न काढता तसाच चालत तारेच्या कुंपणाबाहेर गेला. तिथं रस्त्यावर बसप्पा मास्तर उभे होते. त्यांच्या शेजारी जाऊन उभा राहिला.

हेडमास्तर राखीव खेळाडूंकडे वळले. "दत्तू, उतर."

"पाय मुरगळलाय, सर."

"तू रे?"

"माझा पण, सर."

तिसऱ्यानं तर विचारायच्या आधीच लंगडायला सुरुवात केली!

आम्ही दहा जण उतरलो. मी राइट हाफ. माझ्यापुढे संभाची जागा, मोकळी. बॉल आला, मान वर न करता मी नेहमीसारखा विंगला दिला. बॉल रेषेबाहेर गेला. लोक हसले. तो पहिला पास सवयीनं गेला, हे कबूल करतो.

दुसरा मी मुद्दाम दिला.

मग तिसरा नरसय्यानं दिला. मग ज्याला मिळेल तो तिकडेच द्यायला लागला. रेफरी रेल्वेतला एक अँग्लो-इंडियन गार्ड होता. त्यानं खेळ थांबवला.

"तुम लोग बार बार बाहर क्यूं मारता है?"

नरसय्या कॅप्टन. म्हणाला, "बाहर नहीं, साहेब. राइट विंगको दिया."

"उधर कोई नहीं है!"

"आयेगा."

हाफ टाइमला आमच्यावर एक गोल होता. तीन होऊ शकले असते, पण हुसेन होता. हेडमास्तर धापा टाकत कुंपणाशी गेले. त्यांच्यामागं आम्ही.

"मास्तर, तुमची पोरं मुद्दाम हरतायत! शेठजी बघतायत. सांगा त्यांना काहीतरी!"

"मला मैदानावर पाय ठेवायची मनाई आहे, साहेब."

"मग इथून ओरडून सांगा!"

"ओरडू?"

"ओरडा हो!"

मास्तरांनी छाती भरून श्वास घेतला. संभा त्यांच्यापासून हातभर अंतरावर उभा होता. तरी असे ओरडले, की पलीकडे खुर्चीवर बसलेल्या शेठजींनी मान वळवली.

"संभा! जागेवर जा!"

संभा तारेखालून आत आला. हेडमास्तरांनी तोंड उघडलं. पण कुंपणाबाहेर पाळी सुटलेले गिरणी कामगार दाटीनं उभे होते, त्यांनी एवढ्या टाळ्या पिटल्या, की हेडमास्तर काय म्हणाले ते कुणाला कळलंच नाही. कदाचित काहीच म्हणाले नसतील.

दुसऱ्या हाफमधला माझा पहिला पास विंगला गेला, आणि बाहेर गेला नाही. संभानं तो कोपऱ्यापर्यंत नेला, आत फिरवला आणि नरसय्यानं जाळ्यात मारला. शेवटच्या मिनिटांत पुन्हा संभा, पुन्हा तोच कोपरा. या वेळी बॉल त्यांच्याच फुलबॅकच्या गुडघ्याला लागून आत! दोन-एक. नऊ गोल खाऊन न रडलेला हुसेन गोलपोस्टला धरून हुंदके देत होता.

शेठजींच्या बंगल्यावरचा चहा कोण प्यायलं ठाऊक नाही. आम्ही कुंपणाशी मास्तरांभोवती उभे होतो.

तेवढ्यात रेफरी कागद घेऊन आला. टीमच्या मास्तरांची सही लागायची. तारेवरूनच त्यानं कागद पुढे केला आणि खिशातून घड्याळ काढलं. "एक बात लिखना है. तुम्हारा ग्यारवां प्लेयर कितना बजे आया?"

हेडमास्तर शेजारीच उभे होते. बसप्पा मास्तरांनी सही केली, पेन परत दिलं.

"पहिल्यापासून होता, साहेब. लिहा."

रेफरीनं उजवीकडच्या त्या रेषेकडे एकदा बघितलं. घड्याळ खिशात टाकलं. आणि लिहिलं.