लूमच्या तेलाने चमकवलेले टायर

माझ्या चुकीचं खापर मी एका पंक्चरवाल्याच्या डोक्यावर फुटू दिलं. घरात हा विषय कुणी काढत नाही, म्हणून मीच लिहितो आहे.

तेव्हा आम्ही टेमघरला राहायचो. मी शाळेत विज्ञान शिकवायचो, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे जी काय शोभा व्हायची ती एकदाच होईल. माझ्या मेहुण्याने, म्हणजे बायकोच्या मोठ्या भावाने, कामगारांची ने-आण करणारी एक जुनी मिनीबस विकत घेतली होती. आतली बाकडी काढून त्याने झोपायला फळ्या ठोकल्या, मागे छोटा ओटा केला, पाण्याचं पिंप बांधलं. गल्लीत सगळे तिला ‘चालतं घर’ म्हणायचे. चालवायचा तो, निगा राखायचो मी. मे महिन्यात दोन्ही कुटुंबं आणि माझी आई त्या घरातून फिरायला निघायचो. उरलेले अकरा महिने ते आमच्या घरामागे एकाच जागी उभं असायचं.

निगा म्हणजे काय, तर चमक. गल्लीच्या तोंडाशी कापड विणणाऱ्या लूमचा कारखाना होता. खंडेनवमीला तिथले कामगार लूम पुसायचे, तेल द्यायचे, हार घालायचे. मीही त्यांच्याकडून डबाभर लूमचं तेल आणायचो आणि चिंधीने चारही टायरना चोळायचो. टायर असे काळेभोर दिसायचे की येणारा-जाणारा थांबून बघायचा. एकदा मेहुणा म्हणाला, “भावोजी, तुमच्या हाताला गुण आहे हो!” मला ते इतकं गोड लागलं की पुढे मी सणाची वाट न बघता दर महिन्याला तेल चोळू लागलो. आणि वर्गात? तेल लागलं की रबर फुगतं, कमकुवत होतं, हे मी स्वतःच्या हाताने फळ्यावर लिहून द्यायचो. मुलं वहीत उतरवून घ्यायची.

त्या वर्षी भंडारदऱ्याला निघायच्या दिवशी सकाळीच आम्ही गाडी अंजूरच्या रस्त्यावरच्या पंक्चरवाल्याकडे उभी केली. मेहुणा भाजी आणायला बाजारात गेला. आई मागच्या फळीवर बसून होती. पंक्चरवाला उत्तरेकडून आलेला, साठीचा माणूस. सगळे त्याला चाचा म्हणायचे. टायर गार असतानाच तो हवा मोजायचा, लांबून तापून आलेल्या गाडीला थांबायला लावायचा. त्याने ओल्या फडक्याने टायरची बाजू पुसली, अंगठा फिरवला आणि मला वाकायला सांगितलं. चमक निघून गेल्यावर खाली बारीक भेगांचं जाळं होतं.

“मास्टरजी, ऊपर का नक्शा, ये खाँचे, मत देखो, बगल देखो. तेल ने रबर खा लिया. और साल भर एक ही जगह दबा पड़ा है. इतना घर लादकर मत जाओ. पीछे के टायर बदल लो.”

पुढच्या वर्षी गाडी उभी करताना खाली लाकडी ठोकळे लावा, म्हणजे टायरवर भार राहणार नाही, असंही त्याने सांगितलं. माझा पारा चढला. चूक दाखवली म्हणून नव्हे, माझं विज्ञान मला पंक्चरवाल्याने शिकवलं म्हणून. मी म्हणालो, “तुम्हाला टायर खपवायचे आहेत, दुसरं काय!” त्याने हवा भरली, समोरासमोरचे नट एकेक करून कसले, आणि थोडं पुढे गेल्यावर पुन्हा कसून घ्या एवढंच म्हणाला.

मेहुणा परत आला. “काय म्हणाला चाचा?”

“काही नाही. सगळं ठीक आहे,” मी म्हणालो.

भर दुपारी, खर्डीच्या पुढे, मागचा डावा टायर फुटला. गाडी एका अंगाला ओढली गेली, पिंप कलंडलं, भांडी अंगावर आली आणि आई फळीवरून खाली पडली. मेहुण्याने कशीबशी गाडी आवरली. घाट थोडाच पुढे होता. आईचं उजवं मनगट मोडलं होतं. बाकी सगळे वाचलो.

मेहुणा फाटलेल्या टायरकडे बघत राहिला. “टायर तर नव्यासारखे होते! त्या चाचानेच हवा जास्त मारली असणार.” त्याने माझ्याकडे पाहिलं.

“असेल,” मी म्हणालो.

परत आल्यावर मेहुणा मला घेऊनच चाचाच्या दुकानात गेला आणि भर रस्त्यात त्याला वाटेल ते बोलला. शेजारच्या चहाच्या टपरीवरची माणसं जमा झाली. चाचाने एकदाच माझ्याकडे पाहिलं. मी बोलेन असं त्याला वाटलं असावं. मी चपलेकडे बघत उभा होतो. महिन्याभरात रिक्षावाले, टेम्पोवाले त्याच्याकडे जायचे बंद झाले. लाज वाटत होती, पण तोंड उघडत नव्हतं.

आई खारबावकडची, कमी बोलणारी. एका सकाळी प्लास्टरमधला हात मांडीवर ठेवून म्हणाली, “मी गाडीतच व्हते. त्यानं सांगितलेलं समदं आयकलं हाय मी.”

“मग तेव्हाच का नाही बोललीस?”

“तू बोलशील म्हून वाट बघत व्हते. अजून गेला न्हाईस?”

त्याच दुपारी गेलो. टपरीवर चार माणसं होती, त्यातले दोघे माझ्या विद्यार्थ्यांचे वडील. मी चाचाजवळ वाकून हळूच म्हणालो, “गलती मेरी थी. माफ करो.”

त्याने हातातलं काम थांबवलं नाही. “गाली तो सबके सामने मिली थी, मास्टरजी. ये भी सबके सामने बोल दो. मेरे धंधे का सवाल है.”

मी म्हणालो, “जरा भीड कम होने दो.” ती चार माणसं चहा पिऊन गेली, दुसरी आली. मी थोडा वेळ उभा राहिलो आणि घरी निघालो.

आई दारातच होती. “बोललास समद्यांसमोर?”

“हो,” मी म्हणालो.

तिचा चेहरा उजळला. त्या संध्याकाळी तिने डाव्या हाताने, कुणाची मदत न घेता, माझ्यासाठी चहा केला. मी तो प्यायलो.