अकरा विहिरींचे आकडे

शामला मेश्राम इंदोरा वस्तीत आमच्या शेजारी राहायच्या. शहरातल्या एका कॉलेजच्या रसायन विभागात त्या टायपिस्ट होत्या. घराण्यात ऑफिसात बसून काम करणारी पहिलीच बाई. ती नोकरी जाईल ही धास्ती त्यांना रोजचीच. साहेबांनी नुसतं मान वर करून पाहिलं तरी त्या टाइप केलेलं पान पुन्हा तपासायला घ्यायच्या.

१९७५ च्या उन्हाळ्यात विभागप्रमुख देवघरे सरांनी सावनेरकडच्या एका गावातल्या अकरा विहिरींचं पाणी तपासायला आणलं. दिवाळीनंतर त्या गावचा कवडू, कोळशाच्या खाणीतला मजूर, विभागाच्या व्हरांड्यात येऊन उभा राहिला.

“बाई, आमच्या विहिरीचं पानी बाटल्याइत भरून नेलं होतं. त्याचं का निघालं? पोराइचे पाय वाकडे होऊन राहिले.”

शामलाताईंनी सरांना विचारलं. सर म्हणाले, “निबंध विलायतेच्या मासिकाला पाठवलाय. आधी आकडे फुटले तर ते छापणार नाहीत. कुणाला काही सांगायचं नाही.”

कवडू परत गेला. होळीनंतर पुन्हा आला, पुन्हा तसाच गेला. शामलाताईंना मात्र सगळं ठाऊक होतं. निबंध त्यांनीच टाइप केला होता. पाण्यात फ्लोराइड लिटरमागे दीड मिलिग्रॅमच्या वर गेलं की दात तपकिरी पडतात, फार वाढलं की हाडं वाकतात. कवडूच्या मोहल्ल्यातल्या विहिरीत ते सहाच्या वर होतं. शाळेजवळच्या विहिरीत एकाहूनही कमी. तेवढं एक वाक्य कळलं असतं तरी त्याला पुरलं असतं.

जूनमध्ये छापील अंक आला आणि ग्रंथालयाच्या कुलपातल्या कपाटात गेला. तो फक्त प्राध्यापकांना मिळायचा. जुलैत कवडू तिसऱ्यांदा आला.

“सर, आता तर छापून आलं,” शामलाताई म्हणाल्या.

“त्याला इंग्रजी येतं का?” सर हसले, मग आवाज खाली आणून म्हणाले, “आणि गावात बोंब झाली तर उत्तर कोण देणार? दिवस कसे आहेत, बघताय ना?”

दिवस आणीबाणीचे होते. शेजारच्या कचेरीतल्या एका कारकुनाला पत्रकं वाटली म्हणून पोलिसांनी उचललं होतं. तो कुठं आहे हे त्याच्या बायकोलाही माहीत नव्हतं.

शामलाताईंनी कवडूला एसटी स्टँडवर थांबायला सांगितलं. जेवणाच्या सुट्टीत त्यांनी अकरा विहिरींची नावं आणि आकडे मराठीत उतरवले. कागद त्यांनी डब्यात पोळ्यांच्या खाली ठेवला. संध्याकाळी फाटकावर बळीराम चौकीदारानं नेमकी त्यांचीच पिशवी उघडली.

“डब्यात का आहे, बाई?”

“भाजी उरली.”

बळीरामनं पिशवी परत दिली.

स्टँडवर त्यांनी कवडूला कागद वाचून दाखवला. “शाळेजवळच्या विहिरीचंच पाणी प्या. अन् माझं नाव कुठं घेऊ नका.”

कवडूनं नाव घेतलं नाही. पण पंधरा दिवसांनी गावचे सरपंच तोच कागद घेऊन प्राचार्यांकडे आले. उपकार मानायला. बाजूच्या गावांचंही पाणी तपासून द्या म्हणाले.

प्राचार्यांनी कागद ठेवून घेतला. येत्या सोमवारी अक्षर जुळवून पाहण्यासाठी विभागातल्या प्रत्येकानं त्यांच्यासमोर दहा ओळी मराठीत लिहायच्या, असा हुकूम निघाला. पोलिसांना कळवणार, असंही कुणीतरी म्हणालं.

शामलाताईंचं अन्न सुटलं. त्यांची आई तुळसाबाई विचारायची, “काहून वं, ताट तसंच काहून ठेवतं?” त्या ताट सारून उठायच्या. दार लावून तिरप्या अक्षरात लिहायचा सराव करायच्या.

सोमवारी प्राचार्यांच्या दाराबाहेर रांग लागली. सगळ्यांत पुढं प्रयोगशाळेतला नत्थू होता. तो सावनेरकडचा, म्हणून संशय त्याच्यावरच होता. आतून आवाज आला, “खरं बोल, नाहीतर ठाण्यात बोलशील!” नत्थू रडत होता. “साहेब, मले त लिहिता बी धड येत नाही.”

शामलाताई रांग मोडून आत गेल्या.

“त्याला सोडा. ते अक्षर माझं आहे.”

त्या दिवशीच त्या निलंबित झाल्या. पोलीस आले नाहीत, पण ते आज येतील, उद्या येतील, या भीतीत आठ महिने गेले. पोस्टमन गल्लीत दिसला की त्या दार लावून घ्यायच्या. आणीबाणी उठली आणि चौकशी गुंडाळली गेली. त्यांना परत घेतलं, पण टाइपरायटर दिला नाही. रसायनांच्या कोठीत बसवलं. पुढं १९८० पासून देवघरे सर तपासलेल्या प्रत्येक विहिरीचा निकाल मराठीत ग्रामपंचायतीला पाठवू लागले. त्याबद्दल ते शामलाताईंशी कधी एक शब्दही बोलले नाहीत.

त्या साली कवडू इंदोऱ्यात आला. मोठ्या पोराचे पाय वाकडेच राहिले होते. धाकटी मुलगी, शाळेजवळच्या विहिरीच्या पाण्यावर वाढलेली, सोबत होती. सरळ पायांनी ती पायऱ्या चढून आली.

शामलाताईंनी तिला जवळ घेतलं. मग दार ओढून घेतलं आणि कवडूला हळूच विचारलं, “येताना तुम्हाला कोणी पाहिलं तर नाही ना?”