मामांचा शेर

कार्डिफचे माझे मामेसासरे, म्हणजे बायकोचे मामा, यांच्याइतका संशयी माणूस अख्ख्या ब्रिटनमध्ये नसेल. आणि गेली वीस वर्षं हा माणूस एका संशयिताची बाजू घेऊन जगाशी भांडतोय. व्हिक्टोरियन काळात लंडनच्या गोदीजवळ चार बायकांचे खून झाले, खुनी सापडला नाही. पुढे एका निवृत्त पोलीस अधिकाऱ्यानं आठवणी लिहिल्या आणि जहाजावरच्या एका हिंदी स्वयंपाक्याला शेवटच्या खुनाच्या रात्री रक्ताळलेल्या कपड्यांत पाहिल्याचं ठोकून दिलं. झालं, तेव्हापासून पुस्तकांत तो खुनी. मामा म्हणतात, "तीस वर्षांनी लिहिलंय. मला परवाची भाजी आठवत नाही."

हॉस्पिटलच्या रेकॉर्ड विभागात मामांनी जन्म काढला, त्यामुळे लिहिलेलं आणि घडलेलं यांची गाठ क्वचितच पडते हे त्यांचं ठाम मत. प्रत्येक पुराव्याला ते जुन्या मापानं वजन देतात. त्याच दिवशी डोळ्यांनी बघून लिहिलेलं असेल तर शेरभर. वर्तमानपत्र छटाक. आठवणी गुंजभर, "त्याही पेन्शनीत लिहिल्या असतील तर अर्धी." स्वतःचं नुकसान करून घेऊन कुणी काही कबूल केलं, तर मात्र डोळे मिटून पूर्ण शेर. घरातही हेच माप. मामी म्हणाल्या, "अहो, उद्या कचऱ्याचे बिनवाले येणारेत," की मामा विचारणार, "कोण म्हणालं?" "शेजारीण." "छटाक." मग पंधरा दिवस कचरा घरात. एकदा आम्ही त्या खुनांच्या वॉकिंग टूरला गेलो होतो. गाईडनं स्वयंपाक्याचं नाव घेताच मामा पुढे सरसावले, हे कुणी सांगितलं म्हणून. तो हसून म्हणाला, "एव्हरीवन नोज, सर." मामांनी हात पुढे केला, "मग एव्हरीवनची सही दाखव." आमच्यापुरती टूर तिथेच संपली.

असला बाणेदार माणूस एकाच बाबतीत कच्चा होता. माझं बोलणं त्यांनी कधी तराजूत टाकलं नाही. मी कमी बोलतो, त्याचा अर्थ लोक प्रामाणिक असा लावतात. अकरा वर्षं पोटात ठेवलेलं आता लिहितो.

मामांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं. स्वयंपाक्याचं जहाज शेवटच्या खुनाआधीच सुटलं होतं का, हे लंडनच्या अभिलेखागारातल्या खलाशांच्या यादीवरून कळणार होतं. "जावईबापू, बेसिंगस्टोकहून तुम्हाला तासाभराची ट्रेन. एवढं बघून या." मी रजा काढून गेलो. काउंटरवर पत्त्याचा पुरावा मागितला. तो मी घरी विसरलो होतो. तसाच परत आलो. संध्याकाळी फोनवर मामा पडल्या पडल्या म्हणाले, "बघितलंत?" आणि मी म्हणालो, "बघितलं. जहाज दोन दिवस आधीच सुटलं होतं. यादीत नाव आहे त्याचं." मग मामींना सांगताना ऐकू आलं, "शेरभर, अगं, पूर्ण शेरभर."

त्या शेराच्या जोरावर मामा लायब्ररीतल्या व्याख्यानांत, खुनांवर पुस्तकं लिहिणाऱ्या गोऱ्यांसमोर छाती काढून उभे राहिले. गेल्या महिन्यात ते पुस्तिका छापायला निघाले. पहिल्याच पानावर साक्षीदार म्हणून माझं नाव. तेव्हा मात्र कार्डिफ गाठलं आणि सांगून टाकलं.

मामा रागावले नाहीत. ते परवडलं असतं. त्यांनी वही काढली, माझी नोंद खोडली, खाली सावकाश लिहिलं आणि वाचून दाखवलं. "यादी पाहिली नसल्याची जावयाची कबुली. स्वतःचं नुकसान करून. एक शेर."

"आणि स्वयंपाकी?" मी विचारलं.

"त्याच्याबद्दल माझं मत आहे तेच. अर्ध्या गुंजेवर त्याला फासावर चढवू देणार नाही मी, कुणालाही. पुस्तिका थांबेल. गुरुवारी आपण दोघं जाऊ. पत्त्याचा पुरावा आणा."

"आणि जहाज त्या रात्री गोदीतच होतं असं निघालं तर?"

"तर तेही छापायचं. स्वतःचं नुकसान करून."

ते मला स्टेशनवर सोडायला निघाले. मी खिडकीतून बघून म्हणालो, "पाऊस थांबलाय, मामा." एरवी एवढ्यावर त्यांनी छत्री जागेवर ठेवली असती. त्यांनी दार उघडलं आणि तळहात बाहेर धरला. पाऊस खरंच थांबला होता. तरी बराच वेळ ते हात तसाच धरून उभे होते.