दाजींनी न पाहिलेलं तोंड

भोर आणि वेल्हे या दोन तालुक्यांत असा एकही माणूस नसेल, ज्याच्या तोंडात आमच्या दाजींनी एकदा तरी डोकावून पाहिलेलं नाही. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. भोरच्या एसटी स्टँडजवळ एका किराणा दुकानाच्या माडीवर त्यांचा दातांचा दवाखाना आहे. माणसाचं नाव, गाव, चेहरा यांतलं काहीही त्यांच्या लक्षात राहत नाही. रस्त्यात कोणी नमस्कार केला की ते कोऱ्या चेहऱ्यानं बघत राहतात, आणि तो बिचारा ओशाळून हसला की एकदम उजळतात. "हां, वरची उजवी दाढ! आता ठणकत नाही ना?" हे भर बाजारात, चारचौघांत. अशा वेळी माझी बहीण भाजीवालीकडे वळते आणि आपण या गृहस्थांबरोबर आलेलोच नाही असा चेहरा करते.

खरं तर तिला त्याची सवय असायला हवी. दाजी तिला बघायला आले तेव्हा सगळ्यांबरोबर तिलाही पोहे घ्यायला बसवलं होतं. बशा रिकाम्या झाल्या, चहा झाला, माझे वडील होकाराची वाट बघत ताटकळले. दाजी म्हणाले, "मुलगी पसंत आहे. पण त्या डाव्या बाजूनं चावत नाहीत. खालची दाढ किडली असणार, लग्नाआधी बघून घेऊ." वडिलांचा पारा चढला. आई मात्र त्यांना आत नेऊन म्हणाली, खाताना एवढं लक्ष देणारा नवरा शोधून मिळायचा नाही. दाढ खरोखरच किडलेली निघाली.

धंदा कसा करू नये हे शिकायचं असेल तर दाजींकडं जावं. सारोळ्याचा एक टेम्पोवाला गाल धरून आला आणि दात उपटा म्हणून हटून बसला. दाजींनी त्याला अर्धा तास ब्रश कसा धरायचा ते शिकवलं, हिरड्या साफ केल्या, दुखऱ्या मुळाचं काम सुरू केलं आणि दात जागच्या जागी ठेवून परत पाठवलं. पुण्यात म्हणे दातांचे डॉक्टर भावकीसारखे वाटले गेले आहेत. एक फक्त मुळं बघतो, एक हिरड्या, एक वाकड्या दातांना तारा लावतो, एक लहान मुलांचे दात, एक कवळ्या, आणि जबडा कापायचा असेल तर तो आणखी वेगळा. दाजींच्या माडीवर ही सगळी भावकी एकाच खुर्चीभोवती नांदते. पण ते स्वतःला यातल्या कुठल्याच शाखेचं मानत नाहीत. या सगळ्यांकडं जायची पाळीच येऊ नये म्हणून जी शाखा आहे, ती आपली, असं ते सांगतात. मी एकदा विचारलं की मग तुमचं पोट कसं भरायचं. तर म्हणाले, लोक ऐकत नाहीत म्हणून भरतं.

लोकांनी न ऐकण्यात पहिला नंबर मशेरीचा. तंबाखू तव्यावर काळी होईस्तोवर भाजायची, चुरायची आणि सकाळ-संध्याकाळ बोटानं दातांवर घासत उंबऱ्यात बसायचं, हे आमच्याकडच्या बायकांचं जुनं व्यसन. दाजी त्यावर तुटून पडत. रविवारी गाडीत आरसे, बॅटरी आणि दातांचा एक मोठा प्लास्टिकचा जबडा टाकून ते गावोगाव तपासणीला जायचे. मी शाळामास्तर, म्हणून नावं लिहायला मला धरून न्यायचे. मशेरीवाली सापडली की तिला सगळ्यांदेखत झाडायचे. बाया पदराआड हसायच्या आणि घरी जाऊन पुन्हा डबी उघडायच्या.

गेल्या वर्षी दाजी, माझी बहीण आणि मी गुंजवण्याला गेलो. तिथं दाजींची थोरली बहीण, आक्का, राहते. आई लवकर गेल्यावर आक्कानंच दाजींना वाढवलं. त्या दिवशी देवळाच्या मंडपात बायांची रांग तिनंच लावली, लाजणाऱ्यांना दंडाला धरून आणलं. आपण मशेरी कधीच सोडली हेही सगळ्यांना सांगितलं. ती स्वतः काही खुर्चीवर बसली नाही आणि दाजींनीही तिला बसवलं नाही. दुपारी तिनं आम्हांला जेवायला वाढलं. सगळ्यांचं आटोपल्यावर आत माझ्या बहिणीबरोबर ती जेवली, नेहमीसारखीच.

परतताना मार्गासनीजवळ माझी बहीण सहज म्हणाली, आक्का हल्ली भाकरी दुधात कुस्करून, नुसती गिळून खातात, वय झालं आता. दाजींनी गाडी कडेला घेतली. मग म्हणाले, "मी तिला जेवताना कधी बघितलंच नाही." दोन तालुक्यांतल्या माणसांचं चावणं बघणाऱ्या या माणसाला आक्का जन्मभर वाढत आली होती, आणि वाढणारी बाई मागून जेवते. त्यांनी गाडी वळवली.

आक्का मागच्या दारी भांडी घासत होती. दाजींनी हात धुतले, बॅटरी घेतली आणि तिच्यासमोर उकिडवे बसले. "आक्का, आ कर."

तिनं पदर तोंडाला लावला. मग म्हणाली, "सुटली न्हाई रं मशेरी. तू लई चिडतुयास. तुला वाईट वाटंल म्हून लपवली. तू येनार असला की म्या चूळ भरून बडीशेप खायाची."

मग तिनं तोंड उघडलं. गालाच्या आत पांढरा चट्टा होता, त्याच्या कडेला जखम. दाजी तिच्यावर चिडले नाहीत. बॅटरी विझवून तिथंच बसून राहिले. चट्ट्याचा तुकडा पुण्याला तपासायला गेला, ते आठ दिवस दवाखाना चालू होता, पण दाजींनी एकाही पेशंटला व्याख्यान दिलं नाही. कॅन्सरच निघाला. अगदी सुरुवातीचा होता, म्हणून ऑपरेशन झालं, पुढं किरणांची लाईट दिली आणि आक्का वाचली. तोंड मात्र आवळून गेलं. जेमतेम एक बोट आत जाईल एवढंच उघडायचं.

दाजी अजूनही गावोगाव जातात, पण आता कोणाला झाडत नाहीत. बाईशेजारी ओट्यावर बसतात आणि दिवसातून किती वेळा लावता ते चहाचं विचारावं तसं विचारतात. बाया खरं सांगतात. एवढी वर्षं त्यांच्या रागानं किती जणींना चूळ भरायला लावलं असेल, हा हिशेब त्यांच्या डोक्यातून जात नाही, हे मला त्यांच्या तोंडाकडं बघून कळतं आणि त्यांची फार दया येते.

दर रविवारी मात्र आधी गुंजवणं. तोंड मोकळं व्हावं म्हणून आक्काला व्यायाम आहे. एकटीला करायची लाज वाटते, म्हणून दाजी तिच्यासमोर मांडी घालून बसतात. साठीला टेकलेला भाऊ आणि त्याच्याहून दहा वर्षांनी मोठी बहीण, दोघंही ओसरीत समोरासमोर आ वासून. येणारे-जाणारे थबकतात. पहिल्यांदा मीही हसलो होतो. परवा गेलो तेव्हा आक्काच्या तोंडात दोन बोटं बसून तिसरं अर्धं आत शिरलं. दाजींनी ते पुन्हा एकदा मोजून पाहिलं. मग उठून चुलीपुढून स्वतः दोन ताटं वाढून आणली, एक तिच्यापुढं ठेवलं, एक स्वतःपुढं, आणि म्हणाले, "तू आधी घे."

तिनं भाकरीचा तुकडा मोडला आणि हळूहळू चावायला लागली. दाजींच्या ताटातली आमटी निवून गेली तरी ते बघतच होते.