शोकपत्रात डब्याचा विषय

साठच्या दशकाच्या सुरुवातीला बंगळुरात, बसवनगुडीतल्या आमच्या गल्लीत टाइपरायटर चालवता येणारी मी एकटीच होते, त्यामुळे मला फार मान होता. मान म्हणजे लोकांची कामं मी फुकट करायची. नोकरीचे अर्ज, भाडेकरूंना नोटिसा, मुलींच्या स्थळांना पाठवायची माहिती, सगळं माझ्या माथी. समोरच्या घरातला मुलगा इंग्लंडात लॉरीखाली सापडून गेला आणि तिकडे त्याच्या बायकोला सांत्वनाचं पत्र पाठवायचं ठरलं, तेव्हाही गल्ली माझ्याचकडे वळली.

मुलगा इंजिनियर होता. तिकडेच एका गोऱ्या मुलीशी त्यानं लग्न केलं होतं, त्यांना एक छोटी मुलगीही होती. लग्नाची बातमी आल्यापासून त्याचे वडील, ज्यांना सगळी गल्ली अण्णा म्हणे, सुनेला ‘ती बाई’ म्हणत. त्याची आई, आमच्या अक्का, अण्णांच्या देखत तिचं नावही काढत नसत. दहन तिकडेच उरकलं. इथं आली ती तार, आणि तारेबरोबर सुतक.

सुतकाच्या घरी चूल पेटत नाही, म्हणून गल्लीतल्या बायकांनी न बोलता डब्यांच्या पाळ्या लावल्या. एक दिवस आमच्याकडचं पिठलं-भात, दुसऱ्या दिवशी कोपऱ्यावरच्या कन्नड शेजारणीचं सारू, म्हणजे पातळ आमटी, आणि भात. आता पुरुषांनी काय करावं, हा प्रश्न होता. पुरुषांनी सभा भरवली.

आमच्या मराठी मंडळाचे अध्यक्ष निवृत्त हेडमास्तर होते. ‘परदेशातील शोकाकुल भगिनीस मंडळ एकटे पडू देणार नाही,’ असा ठराव त्यांनी मांडला आणि तो एकमतानं मंजूर झाला. पुढचे तीन दिवस मंडळी तिला एकटं पडू न देण्यात अगदी गढून गेली, म्हणजे आमच्या ओसरीवर बसून माझ्या आईच्या हातची कॉफी पीत राहिली. ‘सॅड डिमाइस’ लिहावं की ‘अनटाइमली डिमाइस’, यावर एक अख्खी संध्याकाळ गेली. मंडळातले एक वकील म्हणाले, दोन्ही घाला, मागाहून वाद नको. देवनहळ्ळीहून बसनं मुद्दाम आलेल्या एका गृहस्थांना संस्कृत श्लोक हवा होता, तोही देवनागरीत. माझं यंत्र इंग्रजी आहे हे कळल्यावर ते माझ्यावरच रुसले.

हेडमास्तरांनी अर्धा मसुदा आमचे पूर्वज तीनशे वर्षांपूर्वी घोड्यांवरून बंगळुरात कसे आले, यात घालवला. निम्मे तरी पायी आले असतील, पण ते कबूल कोण करणार? नवरा गेलेल्या बाईला या घोड्यांनी काय धीर यायचा, असं मी विचारलं. ‘पार्श्वभूमी हवी,’ ते म्हणाले.

त्यात पत्र निळं, हवाई टपालाचं. आत काही घालायची सोय नाही आणि जागा तेवढीच. घोडे झाले, दोन्ही डिमाइस झाले, मग अकरा जणांची नावं आली. प्रत्येकापुढे पदवी, पदवी नसेल तर निवृत्तीच्या वेळचा हुद्दा. खाली अंगठ्याएवढी पट्टी कोरी राहिली.

त्या दिवशी डब्याची पाळी आमची होती. मी डबा घेऊन समोर गेले. अक्कांनी तो घेतला, पण खाली ठेवलाच नाही. हलक्या आवाजात म्हणाल्या, “तिथं तिला डबा कोण देतं ग?”

“कुणाला, अक्का?”

“तिला. पोर लहान आहे. शेजारपाजार आहे की नाही, कुणी शिजवून देतं की नाही. पत्रात स्वल्प विचार की.”

आतल्या खोलीत अण्णांनी वर्तमानपत्राचं पान जोरात उलटलं.

“सरी, अक्का, विचारते,” म्हणून मी घरी आले आणि हेडमास्तरांना सांगितलं. त्यांच्या कपाळावर आठ्या पडल्या. “शोकपत्रात डब्याचा विषय? ती माणसं आपल्याला काय म्हणतील!” खोटं कशाला सांगू, मलाही तसंच वाटलं होतं. माझ्या इंग्रजीला डब्याची लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळीच हेडमास्तर पुन्हा हजर. त्यांच्या नावापुढे बी.ए. आलं होतं, मास्तरकीची एल.टी. राहिली होती. त्या कोऱ्या पट्टीत ती बसवता येईल का, असं विचारत होते. माझं डोकं फिरलं. मी ‘बसवते’ म्हणाले आणि ते गेल्यावर त्या पट्टीत टाइप केलं: त्याची आई विचारते, तुमच्या घरी जेवण कोण आणून देतं? पत्र चिकटवलं आणि स्वतः पोस्टात टाकून आले.

महिन्याभरानं उत्तर आलं, माझ्या पत्त्यावर. मंडळाला ते सभेत वाचायचं होतं. मी ते आधी समोर नेलं आणि अक्कांना मराठी करून सांगू लागले. आभार एका ओळीत होते. घोड्यांबद्दल अक्षर नव्हतं. बाकी सगळं अक्कांना होतं.

‘त्याच्या आईंना सांगा, कोणी नाही. माणसं चांगली आहेत. दारात फुलं ठेवून जातात. रस्त्यात मी दिसले की काय बोलावं ते सुचत नाही, म्हणून पलीकडच्या बाजूला जातात. मुलीला दूध-पाव देते. मला स्वतःसाठी चुलीपुढे उभं राहवत नाही. हे मला दुसऱ्या कुणीच विचारलं नाही.’

काहीतरी करून दाखवायची मला सवयच होती. मी म्हणाले, “अक्का, आजच उत्तर लिहिते. मऊ भात कसा करायचा ते कळवू. सोपा आहे, एका भांड्यात होतो.”

अक्कांनी माझ्याकडे अशी नजर टाकली की मला तिथून निघून जावंसं वाटलं.

“तिला शिजवायला सांगतेस? दुःख तिच्या घरी झालंय. शिजवायचं आपण असतं.” मग त्यांचा आवाज फुटला. “आणि मी इथं दहा दिवस सगळ्यांच्या हातचं बसून खाल्लं ग!”

आत अण्णांची खुर्ची करकरली. ते बाहेर आले आणि अक्कांजवळ जमिनीवर बसले. अक्का रडत होत्या. इतकं मोठ्यानं रडणं त्या घरातून तार आली तेव्हाही मी ऐकलं नव्हतं.