दोराच्या अलीकडे

विनय गेल्याचं कळवायला मेधाचा, म्हणजे त्याच्या बायकोचा फोन आला तेव्हा मी पार्सिपनीच्या ऑफिसात मीटिंगमध्ये होतो. दोनदा कट केला. तिसऱ्यांदा बाहेर येऊन जरा वैतागूनच उचलला. वेस्ट विंडसरला घरासमोरचं बर्फ काढता काढता छातीत कळ आली, ॲम्ब्युलन्स आली, पण वाटेतच संपलं... वय त्रेपन्न. याला आता सात आठवडे झाले. ‘तुम्ही त्याचे सगळ्यात जवळचे, पुरवणीसाठी चार ओळी लिहा,’ असा इथल्या मराठी मंडळाच्या अंकाकडून निरोप आला तेव्हा मी सरळ नाही म्हटलं होतं. जवळचे म्हणे! मग दोन दिवसांनी मीच फोन करून लिहितो म्हणालो. मला जे सांगायचंय ते तोंडाने सांगण्याची हिंमत माझ्यात नाही, एवढंच त्यामागचं कारण.

विनयचे मामा साताऱ्याकडच्या एका गावात शोभेची दारू तयार करायचे. जत्रेचं सगळं दारूकाम त्यांच्याकडे. मे महिन्याच्या सुट्टीत हा तिकडे जाऊन कागदाच्या गोळ्यांना खळ लावत बसायचा आणि ते काम त्याच्या अंगात भिनलं ते कायमचं. पण वडिलांनी इंजिनिअर केला, पुण्यात नोकरी लागली, आणि एकाच कंपनीतून आम्ही दोघं न्यू जर्सीला येऊन एका खोलीत राहायला लागलो. पहिल्याच जुलैत गावच्या मैदानावर आम्ही इथल्या स्वातंत्र्यदिनाची आतषबाजी बघायला गेलो. सगळे वर बघत होते. हा पठ्ठ्या खाली बघत होता, लांब अंधारात हेल्मेट घालून वावरणाऱ्या माणसांकडे. घरी येताना म्हणाला, हे काम इथं लोक पगार घेऊन करतात यार! महिन्याभरात त्यानं ती माणसं शोधून काढली. पेनसिल्व्हेनियात एका कुटुंबाची लहानशी कंपनी होती, टोनी नावाचा म्हातारा ती चालवायचा. विनयनं त्याला आवाजावरून गोळ्याचा आकार सांगितला आणि म्हातारा खूश झाला. ये म्हणाला, हेल्पर म्हणून सुरुवात कर, शिकवतो.

आणि तिथंच घोडं अडलं. या देशात ग्रीन कार्ड नसलेल्या आमच्यासारख्याला स्फोटकांना हात लावता येत नाही. गोळा नाही, वात नाही, उचलून गाडीत ठेवणंसुद्धा नाही. शिवाय व्हिसा एका कंपनीचा, दुसरीकडे फुकट राबायचीही चोरी. टोनीनं खांदे उडवले, म्हणाला, कार्ड आलं की ये. इथल्या आपल्या लोकांत सगळे हेच म्हणतात. घर घेऊ, कार्ड आलं की. नोकरी बदलू, कार्ड आलं की. विनयनं तेवढं आयुष्यच कार्ड आलं की सुरू करायचं ठरवलं.

मग दर जुलैला आम्ही त्याच मैदानावर जायचो. प्रेक्षकांच्या पुढे दोर बांधलेला असतो, विनय अगदी दोराला चिकटून बसायचा. पलीकडून टोनी हात करायचा. आमची बायकामुलं सामोसे खात असायची आणि हा पुटपुटत असायचा, हिरवा बेरियमचा, लाल स्ट्रॉन्शियमचा, निळा बघ, निळा कुणालाच धड जमत नाही. एका वर्षी त्याच्या मुलीनं, रेवानं, ती सहा-सात वर्षांची असेल, विचारलं, "बाबा, व्हाय कान्ट यू गो देअर?" विनय म्हणाला, "कार्ड नाही ना बाळा." रेवा इथं जन्मली, ती अमेरिकन. त्या दोराच्या पलीकडे ती उद्या जाऊ शकते. हे मला तेव्हा गमतीचं वाटलं होतं, मी हसलोही होतो. आता आठवलं की स्वतःचीच शिसारी येते.

आमच्या मित्रमंडळीत मी फॉर्मवाला. कुणाचा व्हिसा, कुणाचं अपील, सगळे आधी मला कागद दाखवणार, मग वकिलाला. मलाही ते आवडायचं, खोटं कशाला बोलू. माझं स्वतःचं कार्ड लवकर झालं त्यात माझी अक्कल शून्य. कार्डाची रांग जन्माच्या देशावरून लागते, नवराबायकोपैकी कुणाचाही देश चालतो. बायकोचा जन्म मस्कतचा, म्हणून आमची रांग वेगळी आणि छोटी. मेधा जन्मली सांगलीला, विनय साताऱ्याला. त्यांची रांग भारताची, तिला शेवट नाही. आयत्या बिळावर बसून मी मात्र सगळ्यांना धीर धरायला शिकवायचो.

सहा वर्षांपूर्वी एका रविवारी विनय एकटाच माझ्याकडे आला. मामा थकले होते, निरोप आला होता की तू येत असशील तर लायसन्स आणि कारखाना तुझ्या नावावर करतो, नाहीतर विकतो. विनयनं राजीनामा लिहून आणला होता. मेधाला अजून बोललेलो नाही, म्हणाला, आधी तू कागद बघ, परतीचं काही अडणार नाही ना ते सांग, मग तिला सांगतो. मी त्याला बसवलं. तारखा काढल्या, तक्ते काढले, तासभर लेक्चर दिलं. हातातोंडाशी आलेला घास टाकून कोण जातं? रेवाच्या कॉलेजचं काय? "मला कार्ड नकोय रे," तो म्हणाला, "हाताला तो वास हवाय." मी म्हणालो, "दोन वर्षं थांब. फार तर तीन. माझ्यावर विश्वास ठेव." त्यानं कागदाची घडी घालून खिशात टाकली, आणि चहा मागितला.

पुढच्याच वर्षी कार्डाच्या रांगेच्या तारखा मागे गेल्या, वाट आणखी कित्येक वर्षांनी लांबली. मामांनी कारखाना विकला आणि त्यानंतर वर्षभरात तेही गेले. टोनीच्या मुलानं कंपनी बंद केली. विनय एका शब्दानं मला बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं. शिव्या दिल्या असत्या, भांडला असता, चार दिवस अबोला धरला असता, तर आज मला हे असं लिहावं लागलं नसतं. तो नुसता मैदानावर यायचा बंद झाला. पाय दुखतात म्हणायचा.

तेराव्याला मेधानं मला बेसमेंटमध्ये नेलं. तिथं त्याचं टेबल, टेबलावर कॉम्प्युटर. आतषबाजीचे अख्खे शो आखायचं सॉफ्टवेअर असतं, कुठला गोळा कितव्या सेकंदाला, किती उंच, सगळं. विनयनं त्यात चाळीसेक शो रचून ठेवलेत. एकही कधी उडाला नाही. मेधा म्हणाली, ती रोज स्वयंपाकाआधी एक लावते. तिनं लावला. काळ्या पडद्यावर बारीक ठिपके वर जात होते आणि फुटत होते, आवाज अजिबात नाही. निळे खूप होते.

"त्याच्यात धमकच नव्हती," मेधा पडद्याकडे बघत म्हणाली. "नुसतं ठिपके काढत बसला. मी कधी अडवलं असतं का त्याला? एकदा तरी म्हणायचं होतं, चल, सोडून जाऊ." मग माझ्याकडे वळली. "तुला कधी काही बोलला होता का रे?"

मी नाही म्हणालो.

बोलला होता, मेधा. राजीनामा खिशात घेऊन आला होता. मी थांबवला.