माडीवरचा विरोधी पक्ष

लोकशाहीवर इतका दात धरून असलेला आणि तरीही निवडणुकीची एकसुद्धा सभा न चुकवणारा माणूस मी जन्मात एकच पाहिला, आणि तो केनियाहून येऊन अंबाजोगाईत माझ्या माडीवर भाड्यानं राहत होता. गल्लीत त्याला नावानं कुणी हाक मारली नाही. सगळे नुसतं ‘माडीवरचा’ म्हणत. मी मात्र त्याला विरोधी पक्ष म्हणायची, कारण आमच्या भागात खरा विरोधी पक्ष काय तो तेवढाच उरला होता. बाकीचे सकाळी एकीकडं आणि संध्याकाळी दुसरीकडं. वय जेमतेम चोविशीचं, शिक्षण फार्मसीचं, आणि उंची अशी की जिन्याच्या चौकटीला रोज कपाळ आपटायचं. एजंटानं त्याला कॉलेज ‘पुण्याजवळ’ आहे म्हणून सांगितलं होतं. एसटीत बसून बसून अंग आंबल्यावर तो इथं उतरला आणि कंडक्टरला त्यानं विचारलं म्हणे, "भाई, पुणे कितना पीछे रह गया?" आश्वासन देणाऱ्या माणसाकडं तो कायम एक डोळा बारीक करून बघायचा, त्याचं मूळ मला वाटतं त्या एजंटात असावं.

मी दवाखान्यात नर्स होते, आता रिटायर. आम्ही बौद्ध. नोकरीला लागले तेव्हा याच गावात मी खोली शोधत वणवण फिरलेय. ‘खोली आहे की बाई, या ना, पाणी घ्या. पूर्ण नाव काय म्हणालात?’ पूर्ण नाव सांगितलं की त्या खोलीत नेमका कुणाचा तरी पुतण्या शिकायला येणार असायचा. या गावात इतके पुतण्ये शिकले असते तर घरटी एक कलेक्टर निघाला असता! म्हणून पुढं स्वतःचं घर बांधलं तेव्हा माडी काढलीच. हा पोरगा चार दारांवरून परत फिरून माझ्याकडं आला, आणि मी तोंड उघडायच्या आत मोडक्यातोडक्या हिंदीत म्हणाला, "आंटी, सरनेम घर पे रख के आया. वहाँ उसके वास्ते बहुत मार खाया." मी किल्ली आणायला आत गेले.

मराठी तो शिकला गल्लीच्या तोंडाशी, मामांच्या हॉटेलात. हॉटेल म्हणजे पत्र्याचं शेड, दोन बाकडी आणि भज्यांची कढई. दूध आबांचं. आबांच्या म्हशी गावाबाहेर, आणि सकाळी कॅन घेऊन आले की आबा पहिला चहा तिथंच घ्यायचे. मग दोघं म्हातारे कुणाचा गुडघा जास्त दुखतो यावर वाद घालत बसायचे. वर्षानुवर्षं हेच. मामा एका समाजाचे आणि आबा दुसऱ्या. कोणता कुणाचा ते मी सांगत नाही. जिल्ह्यातल्या माणसाला सांगायची गरज नाही, आणि बाहेरच्याला सांगून उपयोग नाही. निवडणूक आली की दोन्ही मोठे समाज एकमेकांच्या उरावर बसतात, एवढं समजलं तरी पुरे. तर या दोघांच्या मध्ये बसून आमचा विरोधी पक्ष मराठी शिकला, आणि परिणाम असा झाला की माझ्या मुलीच्या सासूबाई पहिल्यांदा घरी आल्या तेव्हा त्यानं हात जोडून, अगदी आदरानं विचारलं, "काय म्हणता बे? बरं हाय का?" विहीणबाईंना सावरायला मला दोन कप चहा लागला.

लोकसभेची धामधूम सुरू झाली आणि याला काहीतरी झालं. प्रत्येक पक्षाच्या, प्रत्येक उमेदवाराच्या सभेला हा हजर. आणि बसायचा कसा, तर स्टेजकडं पाठ करून! पुढारी घसा फोडून बोलतोय आणि हा लोकांची तोंडं बघत बसलाय. मी म्हटलं, अरे, वेडा का खुळा तू? तर म्हणतो, "स्टेजवर काय बघायचं मावशी? तिथले समदे एकमेकांचे सोयरे हायेत. खाली बघायचं. मागच्या सभेला कोण कुणाजवळ बसलं व्हतं अन् आज कोण उठून गेलं, ते बघायचं." एका पक्षाच्या पोरांना वाटलं, हा आपल्या गाडीवर उभा राहिला तर स्टेटसला भारी दिसेल. ती पक्षाचं उपरणं घेऊन आली. हा म्हणाला, "घालतो की. पण दुसऱ्या पार्टीचं बी आणा, दोन्ही संगट घालतो." त्यांच्यातला एक म्हणाला, "असं चालत न्हाई बे." याचं उत्तर तयार होतं: "मंग तुमचं बी चालत न्हाई." पोरं शिव्या घालत गेली, पण सेल्फी काढून गेली. सेल्फीवर तेवढा कुणाचा बहिष्कार नव्हता.

या रागाचं कारण त्यानं मला एकदाच सांगितलं, मी लसूण सोलत होते तेव्हा. तो लहान होता. त्याच्या आईची भाजीची टपरी होती आणि शेजारीण दुसऱ्या जमातीची. दोघींचं इतकं एक की घरात चाळणी कुणाची आणि पातेलं कुणाचं हे दोघींनाही सांगता आलं नसतं. एका निवडणुकीच्या आधी शेजारीण चाळणी धुऊनपुसून परत द्यायला आली आणि आपलं पातेलं मागून घेऊन गेली. आई हसली. निकाल लागल्यावर टपरी जळाली, बापाचा पाय मोडला, आणि सगळं कुटुंब रातोरात त्याच्या आजोळी पळालं. "बाहेरचे लोक न्हवते मावशी," तो म्हणाला. "आमची कोंबडी कुठं झोपती, ते बी त्यांना ठाऊक व्हतं." लसणाच्या पाकळ्या त्यानं इतक्या बारीक कुस्करल्या होत्या की भाजी त्या दिवशी कडूच झाली. "मतपेटी फुटली तर भिऊ नको. घराघरातली भांडी परत यायला लागली, की समज." मी म्हटलं, बाबा, इथं तसं काही होत नाही. तो नुसता हसला. त्या हसण्याचा मला राग आला होता.

मतमोजणीच्या आदल्या दिवशी यानं माझ्या घरातलं एकूणएक भांडं पाण्यानं भरलं. हंडे, कळश्या, पातेली, अगदी लोणच्याची रिकामी बरणीसुद्धा सोडली नाही. कॉटखाली मिठाचे पुडे आणि काडेपेट्या. त्याची ती पळापळ बघून शेजारणीला वाटलं नळ आला, आणि बघता बघता अर्ध्या गल्लीतल्या बाया घागरी घेऊन माझ्या दारात! कोरड्या नळाभोवती जी भांडणं जुंपली, तेवढी निकालावरून जुंपली नाहीत. कोण जिंकलं ते जाऊ द्या. दगड पडला नाही, गाडी जळली नाही. मी त्याला खूप चिडवलं. म्हटलं, आता हे मीठ घेऊन पापडाचा कारखाना काढ.

पण आमच्याकडं आग लावायला काडेपेटी लागत नाही, मोबाईल पुरतो. आठवड्याभरात मेसेज फिरायला लागले, ‘आपल्या माणसाच्याच दुकानातून घ्या.’ किराणा समाज बघून, कटिंग समाज बघून. दाढीचं पातंसुद्धा आपल्याच माणसाचं असेल तर गळ्याला लावायचं! तापानं फणफणलेलं लेकरू घेऊन डॉक्टरचं आडनाव बघत पुढं जाणारी माणसं मी या डोळ्यांनी पाहिली. आबांच्या वस्तीवरच्या पोरांनी आबांना दम दिला आणि मामांच्या भाऊबंदांनी मामांना. आबा यायचे बंद झाले. मग एका सकाळी मामांनी आबांचा कॅन माझ्या ओट्यावर आणून ठेवला. "सिस्टर, त्यांचा माणूस आला तर द्या," म्हणाले आणि वर न बघता गेले. आपल्यात कुणाचं भांडं रिकामं परत देत नाहीत. चिमूटभर साखर, एखादं भजं, काहीच नसलं तर मूठभर ज्वारी तरी घालतात. माडीवरचा खाली आला, त्यानं झाकण उघडलं आणि आत बघितलं. कॅन घासूनपुसून लख्ख, कोरडा. त्याचं तोंड असं उतरलं की मला खुर्ची पुढं करावी लागली. "मावशी," तो म्हणाला, "आलं."

पण पोरगं मूळचं हट्टी. उठला, माझ्या डब्यातली साखर ओंजळभर कॅनमध्ये ओतली आणि माझी जुनी लेडीज सायकल घेऊन आबांकडं गेला. "मामानं पाठवली." आबा म्हणाले, "मामाच्या चहात साखर दिसत न्हाई, तर कॅनात कुठून आली?" पण डोळे पुसून त्यांनी कॅन भरला. तो घेऊन हा हॉटेलात. "हे दूध माझं हाय. मला एवढं पिऊ वाटंना. तू घे." मामांनी विचारलं, "कुणाच्या म्हशीचं?" हा म्हणाला, "म्हशीनं आडनाव सांगितलं न्हाई बे." मामांनी पातेलं पुढं केलं.

तेव्हापासून रोज सकाळी हे ध्यान लेडीज सायकलवर गुडघे कानाला लावून, हँडलला कॅन अडकवून गावातून जायचं. जाताना भजी, येताना दूध. गावाला सगळं ठाऊक होतं आणि गाव दुसरीकडं बघत होतं. एकदा वस्तीवरच्या पोरांनी अडवलं, "दूध कुठं चाललंय?" "प्यायला." "एवढं?" "उंची बघ की बे माझी!" पोरं हसली आणि सोडलं त्याला. त्याच्यावर चिडायचं तर आधी त्याला कुठल्या तरी खान्यात बसवावं लागलं असतं, आणि तसा खाना जिल्ह्यात नव्हता. आबा गुडघ्याची खबर पाठवायचे, मामा आपल्या गुडघ्याची. हा दोन्हीकडं मधल्यामध्ये थोडं वाढवून सांगायचा.

त्याचं शिक्षण संपलं. जायच्या दिवशी बॅगा खाली आणल्या आणि कॅन माझ्यापुढं ठेवला. "मावशी, आता तू." मला हसूच आलं. म्हटलं, बाबा रे, तू सातासमुद्रापलीकडचा, तुझ्या हातचं चालतं. माझ्या हातचं दूध या गावात कुणाच्या चहात जाईल? इतकी वर्षं माझ्या घरी राहून त्याला आमचं सगळं माहीत होतं, पण ते दुधापर्यंत येतं हे त्याच्या ध्यानात आलं नव्हतं. जिन्यातच बसला. मग पहिल्यांदाच माझ्यावर चिडला. "तू इचारलंस का त्यांना?" विचारायची गरज नाही, मी म्हटलं. "आमची आई बी न्हाई इचारली. चाळणी घेतली अन् गप बसली. आज बी म्हणती, तवाच शेजारणीला हात धरून घरात बसवायला पायजे व्हतं." बस सुटेपर्यंत तो खिडकीतून कॅन धरायची खूण करत होता. अख्खी बस हसत होती आणि मी पदर तोंडाला लावून उभी होते.

दुसऱ्या सकाळी मी गेले. आबांनी कॅन भरून दिला, "सांभाळून न्या सिस्टर" म्हणाले. हॉटेलात पोचले तर मामा शेगडीपुढनं उठले, हात जोडले. "सिस्टर, तुमी कावून तरास घेता? उद्यापासून पाकिटाचंच घेतो म्या." मी म्हटलं, आजचं तर घ्या. मामांनी रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बघितलं. "त्याचं येगळं व्हतं. तो कुणाचाच न्हाई. तुमी आणलं, की मंग म्हणतील, आता तिसरे बी यात पडले." हे बोलताना माणूस घामाघूम झाला होता. मामांची दोन्ही लेकरं या हातांनी जगात आणलीत मी. खरंच राजकारणाची भीती होती का आतलं जुनं दुखणं, ते मी उकरलं नाही. नस कुठं सापडते ते मला कळतं, पण दर वेळी सुई घालवत नाही. दूध घरी आणलं, आटवत ठेवलं, आणि गॅसजवळ उभी राहून रडले. वाईट वाटलं, लई वाईट वाटलं. नोकरीत एवढं सोसलं, पण त्या सकाळइतकं काही लागलं नव्हतं.

आता मामांकडं पाकिटाचा चहा असतो आणि आबा दूध डेअरीला घालतात. परवा त्याचा व्हिडिओ कॉल आला. मागं हिरवीगार टेकडी, शेजारी डोक्याला फडकं बांधलेली आई. मी नमस्कार केला, तिनंही हात जोडले. त्यानं इकडचं तिकडचं काही न विचारता पहिलं हेच विचारलं, "मावशी, दूध चालू हाय का?"

मी म्हटलं, "चालू आहे की. मीच नेते रोज."

तो आईकडं वळून त्यांच्या बोलीत भराभर काहीतरी बोलला. तिनं तोंडावर हात ठेवला. मग यानं विचारलं, "तू पयल्यांदा नेलंस तवा मामा काय म्हणला?"

मी म्हटलं, "काय म्हणणार? ‘बसा सिस्टर, चहा घ्या’ म्हणाले. बाकडं पुसून दिलं."

तो इतका हसला की फोन हलायला लागला. आईलाही त्यानं ते सांगितलं. मग म्हणाला, "उद्या आमच्या वॉर्डाची पोटनिवडणूक हाय, मावशी. आई अन् मी, दोघं बी जाणार न्हवतो. आता जातो."

"जा बाबा," मी म्हटलं. "सकाळी सकाळी जा, मग गर्दी होते."